सिंधुदुर्ग जिल्हा आडवा वाचावा: नव्याने राहायला आलेल्यांसाठी

बदली होऊन आलेला शिक्षक असो, कणकवलीत दवाखाना टाकणारी डॉक्टर असो, की मुंबईतलं बिऱ्हाड आवरून गावच्या घरी परतलेलं निवृत्त जोडपं असो, सिंधुदुर्गातल्या पहिल्या महिन्यात सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: हा जिल्हा समजून घ्यायला सुरुवात कुठून करायची? उत्तर म्हणून त्यांच्या हातात किल्ला, तारकर्ली, आंबोली आणि सावंतवाडीची खेळणी अशी यादी पडते. चार दिवसांच्या सुट्टीला ती पुरते. पण आपल्या विहिरीचं पाणी मेमध्ये मचूळ का होतं, पलीकडच्या गावाच्या जमिनीचे कागद आपल्यापेक्षा वेगळे का दिसतात, जत्रेची तारीख आधी कुणालाच का सांगता येत नाही, हे त्या यादीतून कळत नाही. निदान एक वर्ष इथे राहणार असाल, तर पुढची वाट तुमच्यासाठी आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. मुंबई-गोवा महामार्ग आणि कोकण रेल्वे हा जिल्हा उत्तरेकडून दक्षिणेकडे उभा कापत जातात आणि आपण सगळे त्याच रेषेवरून जिल्ह्यात शिरतो. जिल्हा मात्र आडवा घडलेला आहे. पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला समुद्र, मध्ये आखूड नद्या आणि घाट उतरून बंदराकडे जाणाऱ्या वाटा. माणसं, माल, देव, भांडणं, सगळं शतकानुशतकं याच आडव्या वाटांनी गेलं. म्हणून जिल्हा शिकायचा तो आडवा.

पायरी पहिली: नकाशावर आडव्या रेघा

भिंतीवर लावण्याइतका मोठा जिल्ह्याचा नकाशा मिळवा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे उंचीच्या रेषा दाखवणारे नकाशे मिळाले तर फारच उत्तम, कारण इथे उंचीच सगळं ठरवते. जिल्ह्याचं क्षेत्रफळ ५,२०७ चौरस किलोमीटर, किनारा सुमारे १२१ किलोमीटर आणि तालुके आठ. देवगड, मालवण आणि वेंगुर्ला समुद्राला लागून आहेत. वैभववाडी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी आणि दोडामार्ग आतल्या बाजूला. मुख्यालय ओरोसजवळची सिंधुदुर्गनगरी. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचं विभाजन होऊन हा जिल्हा झाला, त्यामुळे त्याआधीची कोणतीही नोंद शोधायची तर रत्नागिरीच्या नावाखाली शोधावी लागते. हे सुरुवातीलाच लक्षात ठेवा, पुढे बरेच हेलपाटे वाचतील.

आता निळ्या पेन्सिलीने खाड्यांची मुखं दाखवा. उत्तरेकडून येताना विजयदुर्गची म्हणजे वाघोटणची खाडी, मग देवगडची, आचऱ्याची, कालावलची, कर्लीची आणि अगदी दक्षिणेला तेरेखोलची. प्रत्येक खाडीला मागे मागे रेटत सह्याद्रीपर्यंत न्या. गड नदी कणकवलीवरून येते आणि कालावलच्या खाडीने समुद्राला मिळते. कर्लीला कुडाळात भंगसाळ म्हणतात. मग लाल पेन्सिलीने घाट दाखवा. करूळ आणि भुईबावडा हे दोन्ही गगनबावड्याला चढतात, फोंडा घाट दाजीपूरकडे, आणि आंबोली घाट बेळगावकडे. लाल आणि निळ्या रेघा जुळवल्या की जिल्ह्याचे पाच-सहा आडवे पट्टे दिसू लागतात. तुमचं घर कोणत्या पट्ट्यात येतं, ते पाहा. बाकीचं शिकणं त्या पट्ट्यापासून सुरू होईल.

एका गोष्टीकडे मुद्दाम बघा. तेरेखोल नदी ही गोव्याची हद्द, असं सगळे सांगतात. पण नदीच्या उत्तर तीरावरचा तेरेखोलचा किल्ला गोव्यात आहे. १७४६ साली पोर्तुगीजांनी तो सावंतवाडीकरांकडून घेतला आणि तो तुकडा पुढे तिकडेच राहिला. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा फडकवला होता. नकाशावर नखाएवढा दिसणारा तो तुकडा पुढे इतिहास वाचताना पुन्हा पुन्हा आठवेल.

पायरी दुसरी: एक पाणी धरून घाटापासून खाडीपर्यंत जा

सगळा जिल्हा एकदम पाहायला जाऊ नका. एक नदी निवडा. नव्या माणसाला मी कर्ली सुचवतो, कारण तिच्या काठाने जाताना फार थोड्या अंतरात फार काही भेटतं.

कुडाळ तालुक्याच्या पूर्व टोकाला, मनोहरगडाच्या परिसरातल्या डोंगरातून सुरुवात करा. इथे पाणी दगडधोंड्यांतून धावतं, गावं विरळ आहेत आणि घरं उतारावर एकेकटी. खाली कुडाळपाशी नदी संथ होते, शेतं रुंद होतात, बाजारपेठ लागते. जवळच पिंगुळी आहे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची कला पिढ्यानपिढ्या टिकवली आहे. या कामासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

पुढे नेरूर. इथे थोडं थांबा. बदामीच्या चालुक्यांचे ताम्रपट या गावात सापडले. मंगलेश राजाच्या ताम्रपटात त्याने कलचुरींच्या बुद्धराजाचा पराभव केल्याचं येतं, म्हणजे गोष्ट साधारण इसवी सन ६०० च्या सुमाराची. त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो विजयभट्टारिका राणीचा ताम्रपट. ती दुसऱ्या पुलकेशीची सून. सातव्या शतकात तिने स्वतःच्या नावे दिलेल्या दानाचे ताम्रपट नेरूरला आणि वेंगुर्ले तालुक्यातल्या कोचऱ्याला मिळाले. शिवकालाच्या हजार वर्षं आधी या खाडीकाठावर एक राणी जमिनी दान देत होती, ही माहिती कुडाळच्या प्रत्येक शाळेत फळ्यावर लिहिलेली असावी, असं मला मनापासून वाटतं.

नेरूरनंतर वालावलचं लक्ष्मीनारायणाचं देऊळ आणि त्याला लागून असलेलं तळं. खाडीपलीकडे मालवण तालुक्यात धामापूरचा तलाव. तो १५३० सालचा सांगतात. २०२० साली त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. इतक्या पावसाच्या मुलखात तलाव कशाला बांधला असेल, हा प्रश्न तिथे उभं राहून स्वतःला विचारा. उत्तर तिसऱ्या पायरीत आहे.

शेवटी देवबाग. एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये माडांनी भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी. काही ठिकाणी एका पाण्याकडून दुसऱ्या पाण्याकडे पाच मिनिटांत चालत जाता येतं. तरी तिथल्या विहिरींना गोडं पाणी असतं. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्याच्यावर तरंगून राहतं. तो गोड्या पाण्याचा थर पातळ असतो. रहाटाने घागरी भरल्या तर वर्षभर टिकतो, पंपाने दिवसभर उपसा केला तर खालचं खारं पाणी वर येतं. किनाऱ्यालगत घर बांधणाऱ्या किंवा होमस्टे काढणाऱ्या प्रत्येकाने हे समजून घेऊनच कूपनलिकेचा विचार करावा. एकदा विहीर खारी झाली की पुन्हा गोडी व्हायला बरेच पावसाळे जातात आणि तिच्याबरोबर शेजाऱ्याचीही विहीर जाते.

पायरी तिसरी: पायाखालचा दगड ओळखा

जिल्ह्यातल्या निम्म्या गोष्टींचं कारण जांभा आहे. दख्खनच्या बेसाल्टचा थर सह्याद्रीत दिसतो, पण दक्षिणेकडे तो संपत येतो आणि त्याखालचे फार जुने खडक उघडे पडतात. रेडीचं लोहखनिज आणि कासार्ड्याची सिलिका वाळू ही त्याच जुन्या खडकांची देणगी. या सगळ्यावर, ऊन-पावसाने खडक कुजून तयार झालेलं जांभ्याचं कवच पसरलं आहे. त्यातले विरघळणारे घटक वाहून गेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं.

चिरेखाणीवर एकदा जाऊन या. नुकताच कापलेला चिरा हातात घ्या. तांबूस-पिवळा, ओलसर, भोकाभोकांचा. नखाने टोकरला तर भुगा निघतो. हाच चिरा उघड्यावर पडून राहिला की वाळतो आणि टणक होतो. गिलावा न केलेल्या जुन्या भिंती आणि परड्याभोवतीचे गडगे अनेक पावसाळे सोसूनही उभे दिसतात, ते यामुळे.

या भोकांतूनच पाणी निसटतं. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, पाऊस धो धो पडतो, पण पाणी वर थांबत नाही. काही उतारावरून व्हाळात, म्हणजे ओढ्यात जातं, काही जांभ्यातून मुरत खालच्या चिकणमातीपर्यंत पोचतं आणि सड्याच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. म्हणून सडा ओसाड आणि त्याच्या कुशीतली वाडी हिरवीगार. घरं, माड-पोफळीच्या बागा, देवराई, सगळं या झऱ्यांच्या ओळीवर वसलेलं असतं. दिवाळीनंतर व्हाळाला दगड-मातीचे बांध घालून त्या पाण्यावर वायंगणी भात किंवा भाजीपाला करतात. पावसाळ्यानंतरच्या दिवसांसाठी पाणी साठवावं लागतं, ते का, हे आता धामापूरला परत गेलात तर लगेच कळेल.

देवगड तालुक्यात उलटं झालं. तिथे माणसांनी कातळच बागायतीखाली आणला. सुरुंग लावून खड्डे काढले, बाहेरून माती आणून भरली आणि हापूसची कलमं लावली. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यामागे कातळ फोडणाऱ्यांच्या पिढ्या आहेत. वेंगुर्ल्याचं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र १९५७ पासूनचं. काजूच्या ‘वेंगुर्ला’ नावाच्या जाती तिथल्याच. बाग लावायचा विचार असेल तर रोपवाटिकेत जाण्याआधी त्या केंद्रात जा.

सडा ओसाड आहे म्हणून तो रिकामा समजू नका. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याच्यावर सीतेची आसवं आणि तेरड्याचे गालिचे पसरतात. आणि सड्यावरच कातळशिल्पं आहेत. मालवण तालुक्यातल्या कुडोपीला मनुष्याकृती, प्राणी आणि भौमितिक आकृत्या जमिनीच्या आडव्या कातळात कोरलेल्या आहेत. कोकणातल्या अशा शिल्पस्थळांचा समावेश युनेस्कोच्या संभाव्य यादीत २०२२ साली झाला, त्यात सिंधुदुर्गातलं कुडोपी आहे. बघायला सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात, भर दुपारी शिल्पावर उभे राहिलात तरी दिसत नाहीत. चपला बाजूला काढा, रेषांत खडू किंवा रंग भरू नका, आणि सोबत गावातला माणूस घ्या.

पायरी चौथी: बंदर आणि घाट जोडून बघा

इथला इतिहास किल्ल्यांच्या यादीने लक्षात राहत नाही. बंदर आणि त्याच्या मागचा घाट अशी जोडी करून बघितलात तर राहतो.

पहिलं बंदर खारेपाटण. आज महामार्गाने येताना जिल्ह्यात शिरल्या शिरल्या लागणारं हे गाव आपण खिडकीतून बघून पुढे जातो. ते वाघोटण खाडीवरचं, समुद्रापासून खूप आतलं जुनं बंदर. इथे सापडलेला शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट इसवी सन १००८ चा आहे. परदेशातून येणाऱ्या गलबताने सोन्याचं एक गद्याण, म्हणजे त्या काळचं नाणं, द्यावं, असं दान त्यात नोंदलं आहे. म्हणजे हजार वर्षांपूर्वी परदेशी जहाजं या परिसरात नियमाने येत होती आणि त्यांच्यावर पट्टी होती. गाळ भरत गेला, जहाजं मोठी झाली, बंदर मागे पडलं. खाडीच्या तोंडावरचा विजयदुर्ग मात्र वाढत गेला.

विजयदुर्गचं मूळ काम शिलाहार दुसऱ्या भोजाचं, बाराव्या शतकाच्या अखेरीचं. शिवाजी महाराजांनी तो बळकट केला आणि आंग्र्यांच्या काळात तो आरमाराचं मुख्य ठाणं झाला. इंग्रजी कागदांत त्याचं नाव घेरिया. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या इंग्रजी फौजेने, पेशव्यांशी संगनमताने, तुळाजी आंग्र्यांकडून तो जिंकला आणि आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. आपल्याच आरमाराच्या नाशात आपलाच हात होता, हे वाचताना त्रास होतो. पण हे प्रकरण टाळून कोकणचा इतिहास सांगता येत नाही. पुढे पेशव्यांचे सरदार आनंदराव धुळप यांनी इथूनच आरमार चालवलं. खाडीत गिर्येच्या बाजूला जुन्या गोदीचे अवशेष आहेत. किल्ला बघून झाल्यावर गाडीकडे न वळता तिथे जा.

मालवणचा सिंधुदुर्ग सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून एवढंच. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ ला बांधकामाला सुरुवात झाली. देखरेख हिरोजी इंदुलकरांची. सुमारे ४८ एकरांचा विस्तार आणि जवळपास तीन किलोमीटरचा तट. तटाच्या पायात शिसं ओतलं. राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये शिवराजेश्वराचं मंदिर बांधलं. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरींपाशी मात्र नीट थांबा. खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोडं पाणी मिळेल अशी जागा शोधणाऱ्यांना दगड आणि पाणी वाचता येत होतं. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस नाव दिलं, पण लवकरच तो कोल्हापूरकरांना परत केला. १८१२ च्या तहाने मात्र मालवण कायमचं इंग्रजांकडे गेलं.

बंदर-घाटाची जोडी सगळ्यात स्पष्ट दिसते ती वेंगुर्ला आणि आंबोलीची. वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डचांची वखार होती. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करायला ही जागा सोयीची. वखारीची पडकी इमारत अजून उभी आहे. इंग्रजी अमलात आंबोली घाटाने बेळगावचा माल वेंगुर्ल्याला उतरे आणि बोटीने मुंबईला जाई. मीठ, सुकी मासळी आणि नारळ वर जात, धान्य आणि गूळ खाली येई. बेळगावला रेल्वे आली, ती मुरगाव बंदराशी जोडली गेली आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. नंतर बोटीने माल कमी आणि माणसं जास्त गेली. मुंबईच्या गिरण्यांत आणि घरांत काम करणाऱ्या चाकरमान्यांचं जग तिथूनच सुरू होतं.

किनाऱ्याने आणखी दक्षिणेला शिरोडं. मे १९३० मध्ये तिथल्या मिठागरावर मिठाचा सत्याग्रह झाला. वि. स. खांडेकर तेव्हा त्याच गावात शिक्षक होते.

पायरी पाचवी: तुमचं गाव खालसात होतं की संस्थानात?

ही पायरी नवे रहिवासी हमखास चुकवतात. देवगड, मालवण आणि वेंगुर्ला हा मुलूख एकोणिसाव्या शतकात थेट इंग्रजांकडे, म्हणजे खालसात होता. सावंतवाडी आणि कुडाळ हा भाग सावंत-भोसल्यांच्या सावंतवाडी संस्थानात. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं. पण दोन राजवटींत जमिनीची मोजणी, सारा आणि हक्क यांच्या पद्धती वेगळ्या होत्या आणि त्यांच्या खुणा कागदांवर अजून आहेत.

खालसातल्या अनेक गावांत खोती, म्हणजे गावाचा सारा खोताने वसूल करायची पद्धत होती. तिच्या निर्मूलनाचा कायदा १९४९ चा. कूळकायदा १९४८ चा आणि त्यातला १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन कुळांसाठी निर्णायक. घराण्याच्या जमिनीचा वाद ऐकताना हे तीन आकडे मनाशी असू द्या, बोलणाऱ्याचा अर्धा मुद्दा आपोआप उलगडतो. संस्थानी भागात वेगळंच. आंबोली, चौकुळ आणि गेळे या घाटमाथ्यावरच्या गावांत गावकारांनी सामायिक कबुलायतीवर, म्हणजे सारा भरण्याच्या लेखी करारावर, जमीन धरली होती. पुढे सातबाऱ्यावर सरकारचं नाव लागलं आणि कबुलायतदार गावकारांचा प्रश्न पिढ्यानपिढ्या चालत आला. आंबोलीच्या धुक्यात जागा घ्यायचं स्वप्न बघणाऱ्यांनी तो समजल्याशिवाय इसाराची रक्कम देऊ नये.

करायचं काय, तर तुमच्या गावाचा सातबारा, आठ-अ आणि गावनकाशा ऑनलाइन काढा. जुन्या फेरफारांसाठी तलाठी कार्यालयात आणि मोजणीच्या नकाशांसाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जा. फेरफारांचे शेरे ओळीने वाचले की गावाचा शंभर वर्षांचा इतिहास समोर येतो: कोण मुंबईला गेलं, कुणाची जमीन गहाण पडली, कुणाच्या वारसांत तेवीस नावं लागली. सामायिक जमिनी पडीक का राहतात, याचं उत्तर बहुतेक वेळा त्या वारसांच्या यादीत असतं. एकोणिसाव्या शतकातल्या चित्रासाठी मुंबई सरकारने १८८० साली छापलेल्या गॅझेटिअरचा रत्नागिरी आणि सावंतवाडीचा खंड चाळा. त्यातले जातींबद्दलचे शेरे साहेबी नजरेचे आहेत, ते तसेच सोडून द्या. बंदरं, वाटा, पिकं आणि बाजार यांची माहिती मात्र मोलाची आहे.

पायरी सहावी: गावऱ्हाटीत पाऊल जपून

इथला प्रत्येक गाव ग्रामपंचायतीबरोबरच गावऱ्हाटीने, म्हणजे देवस्थानाभोवतीच्या जुन्या गावरीतीनेही चालतो. मानकरी, बारा-पाच, गुरव, घाडी यांची कामं ठरलेली. देवळात गाऱ्हाणं घालतात, कौल लावतात. सातेरीच्या अनेक देवळांत मूर्तीच्या जागी वारूळ असतं. आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. रात्री गावाची राखण करताना फिरून फिरून देवाच्या चपला झिजतात, असं मानलं जातं. देवळात जाल तेव्हा त्या चपलांचे तळवे नीट बघा आणि ज्यांनी त्या वाहिल्या त्यांच्याशी बोला.

आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख कॅलेंडरात छापलेली नसते, ती देवीच्या कौलाने ठरते. आचऱ्याची गावपळण काही वर्षांनी येते आणि तेव्हा सगळा गाव गुरंढोरं, कोंबड्या-कुत्र्यांसह तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो. तुम्ही भाड्याने राहत असलात तरी निघावं लागेल, आणि आनंदाने निघा. राहुट्यांतल्या त्या तीन दिवसांत शेजाऱ्यांची जितकी ओळख होते तितकी एरवी वर्षभरात होत नाही.

माहिती विचारायची रीत महत्त्वाची. वडीलधाऱ्यांना नावाने हाक मारू नका, तात्या, आबा, काकी, आजी जे घरचे म्हणतात ते म्हणा. आदराने हाक मारायची तर मालवणीत शेवटी ‘नू’ लागतो. “तात्यानू, ह्या व्हाळाचा पाणी मे म्हयन्यात खंयसर ऱ्हवता?” असं विचारलंत की आधी उलट प्रश्न येईल: “तुमी खंयचे?” त्याचं उत्तर सावकाश द्या. आपलं गाव, आपली माणसं सांगा. ओळख पटली की पाण्याबद्दल, पुराबद्दल, जुन्या वाटेबद्दल इतकं ऐकायला मिळेल की वही पुरणार नाही. जात, जमीन आणि देवस्थानाचे मान या विषयांवर पहिल्या भेटीत प्रश्न नकोत.

मच्छीमार वस्तीत जायचं तर रापणीच्या वेळी जा. होडीने जाळं अर्धगोलात टाकतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन रांगा ते ओढत हळूहळू एकमेकांजवळ सरकतात. बांगडा-तारली लागली की वाटे पडतात. परवानगी विचारून दोराला हात लावा. गाबीत समाजातल्या रापणकारांशी बोललात तर यांत्रिक मासेमारीशी चाललेला त्यांचा झगडा समजेल. माझी बाजू स्पष्ट आहे: किनाऱ्यालगतच्या पाण्यावर पहिला हक्क रापणकाराचा आणि छोट्या होडीवाल्याचा असावा.

पायरी सातवी: वर्षाची मांडणी

पाऊस जूनच्या सुरुवातीला येतो. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, समुद्रात उतरायचं नाही, घाटात दरडींकडे लक्ष ठेवायचं. हे महिने कागदांचे. गणपतीत मुंबई रिकामी होऊन इकडे येते. घराण्यांच्या आठवणी ऐकायला याहून चांगला काळ नाही, कारण एरवी कुलूप असलेली घरं तेवढ्यापुरती उघडतात. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती आणि २०११ मध्ये ८,४९,६५१; माणसं वाढण्याऐवजी घटली. बंद घरांचा अर्थ या आकड्यांत आहे.

कार्तिकापासून जत्रा आणि दशावतार. देवळासमोर रात्रभर चालणारं एक तरी नाटक पूर्ण बघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पायी हिंडायचा काळ. आंबोलीत हिरण्यकेशीचा उगम बघा. तिथल्या देवळाच्या कुंडात सापडलेल्या माशाच्या नव्या जातीमुळे ती जागा २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झाली. ही नदी पूर्वेला वाहते, म्हणजे तुम्ही तिथे पाणलोटाच्या दुभाजकावर उभे असता. दोडामार्गात तिलारीच्या बाजूला जायचं तर गावकऱ्यांना विचारून जा. २००२ पासून कर्नाटकातून येणाऱ्या हत्तींचा वावर तिथे आहे आणि बागायतदारांचं नुकसान खरं आहे.

पायरी आठवी: ऐकलेलं पडताळा

विजयदुर्गला तुम्हाला सांगतील की १८६८ च्या सूर्यग्रहणात हेलियमचा शोध या किल्ल्यावर लागला, लॉकयर हे इंग्रज शास्त्रज्ञ इथे आले होते. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं, हे खरं. पण त्या दिवशी जान्सेन हे फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला निरीक्षण करत होते आणि लॉकयर यांनी हेलियमची ओळख पटवणारी सूर्यप्रकाशातली पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून पाहिली. विजयदुर्गला मोठं व्हायला या गोष्टीची गरज नाही. सांगणाऱ्याशी हुज्जत घालू नका, पण लिहिताना तारीख आणि जागा तपासा. भुयारांच्या कथांनाही हाच नियम लावा.

पायरी नववी: वही गावाला द्या

वर्षभरात तुमच्याकडे झऱ्यांची यादी, सड्यांची आणि व्हाळांची नावं, जुन्या पायवाटा, विहिरींच्या पाण्याच्या पातळ्या, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी जमतील. प्रत्येक नोंदीखाली तारीख, जागा आणि सांगणाऱ्याची परवानगी लिहा. जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. बऱ्याच ठिकाणी ती घाईने भरलेली असते. ग्रामसेवकांना आणि गावच्या जैवविविधता समितीतल्या सदस्यांना भेटा, तुमच्या नोंदींची प्रत द्या, वाडीवाडीतल्या बायकांना बोलावून रानभाज्या आणि औषधी झाडांची पानं पुन्हा भरून घ्या. दुसरी प्रत गावच्या शाळेला द्या. मुलांकडून गावनकाशाची मोठी प्रत काढून घ्या आणि तीवर झरे निळ्या रंगात भरायला सांगा. कुठला झरा कोणत्या महिन्यात आटतो, ते त्यांनी दर वर्षी मेमध्ये जाऊन बघावं आणि त्याच नकाशावर लिहावं.